पोत्याचं तोंड

डिसेंबर संपत आला की जबलपूरच्या घरांत मटार सोलायला बसतात. या जिल्ह्याचा हिरवा मटार दूरदूरच्या बाजारांत जातो, आणि हंगाम ऐन भरात आला की भाव इतका उतरतो की घरी तो किलोच्या मापाने येतच नाही, पिशव्या भरभरून येतो. परातीभोवती आई, आजी, शेजारच्या काकू. थोडा उसळीला, थोडा करंज्यांना, उरलेला उन्हाळ्यासाठी फ्रीजरमध्ये. गेल्या काही वर्षांत थोड्या घरांमध्ये त्या परातीशेजारी एक लॅपटॉपही उघडा दिसू लागला आहे. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांच्या अर्जाची शेवटची तारीख १ जानेवारी किंवा तिच्या आगेमागे असते. जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीच्या उत्तरार्धात, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. मटाराचा आणि परीक्षांचा हंगाम एकच.

असं एक घर डोळ्यांसमोर आणू. खमरियाच्या बाजूला, वडील आयुधनिर्माणीत नोकरीला, पणजोबा कधीकाळी नागपूरकडून इथे आलेले. मुलगी बारावीत. तिने सॅट ही अमेरिकन प्रवेशपरीक्षा दोनदा दिली आहे. दोन विभाग, प्रत्येकी ८०० गुणांचे. ऑगस्टमध्ये वाचन-लेखनात ६९० आणि गणितात ७४०, बेरीज १४३०. ऑक्टोबरमध्ये ६५० आणि ७९०, बेरीज १४४०. अर्जात प्रश्न आहे, तुम्हाला किती वेळचे सॅट गुण कळवायचे आहेत?

वडिलांचं म्हणणं सरळ आहे. "दोन्ही लिहून टाक. दिली ती दिली परीक्षा, लपवायचं काय त्यात?" मुलगी म्हणते, "बाबा, मी लपवत नाहीये. तेच विचारतायत, कुठले पाठवायचे म्हणून. आणि ह्या एका कॉलेजला तर मी काहीच पाठवणार नाहीये. त्यांच्याकडे मुलांना याहून जास्त असतात." आजीला एवढंच कळतं की नातीला मार्क चांगले पडलेत आणि तरी घरात कोणाचा चेहरा बरा नाही.

वडिलांची अडचण नीट समजून घ्यायला हवी, कारण ती आपल्या सगळ्यांची आहे. आपल्याकडे विद्यार्थी गुण कळवत नाही, गुण जाहीर होतात, आणि ही रीत जुनी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती आणि राजधानी नागपूर होती. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघालं, १९४६ साली हरिसिंह गौर यांनी सागरला विद्यापीठ उभं केलं, १९५६ साली जबलपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, त्याआधी १९४७ मध्ये सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आलं. जबलपुरातल्या मराठी घरांच्या तीन-चार पिढ्या या शिक्षणव्यवस्थेतून गेल्या. तिच्यात कोणते गुण धरायचे हे विद्यार्थ्याला कधी कोणी विचारलं नाही. ते नियम ठरवत असे, आणि नियम वरून येत असे.

नियम काही स्थिर नव्हता. २०१३ ते २०१६ या चार वर्षांत जेईई मेनची क्रमवारी लावताना बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होतं. २०१७ पासून ते काढलं. म्हणजे एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी मोठ्याची बारावीची गुणपत्रिका क्रमांक ठरवत होती आणि धाकट्याची फक्त पात्रतेपुरती उरली होती. त्याच २०१३ मध्ये मध्य प्रदेशात व्यापमंचं प्रकरण उघडकीला आलं. दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणारी माणसं सापडली आणि तपास पुढे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयकडे सोपवला. या राज्यात गुणांच्या बाबतीत जी एक कडक सावधगिरी घराघरांत दिसते, जे आहे ते आहे तसं दाखवा असा जो आग्रह दिसतो, त्याचं एक मूळ मला तिथे दिसतं. खमरियातले वडील भाबडेपणाने बोलत नाहीत. गुणांत फेरफार झाला म्हणजे काय होतं ते त्यांच्या राज्याने पाहिलं आहे.

२०१९ पासून जेईई मेन वर्षातून दोनदा होऊ लागली आणि दोन्ही सत्रं दिलेल्याचे त्यातले चांगले गुण आपोआप धरले जाऊ लागले. इथेही निवड आहे, पण ती परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच विद्यार्थ्याच्या वतीने करून टाकली आहे. जानेवारी बरी गेली आणि एप्रिल बिघडली तर एप्रिल कोणी पाहत नाही. त्यामुळे जबलपूरच्या कोचिंगच्या वर्गांत "दुसरं सत्र द्यावं का" हा प्रश्न खरं तर वेळेचा आणि थकव्याचा उरतो. गुण जातील ही भीती बाळगायचं कारण नाही. गुणही टक्केवारीत नसतात, पर्सेंटाइलमध्ये असतात, म्हणजे आपल्या खाली किती टक्के मुलं आहेत. २०२५ मध्ये सुमारे पावणेपंधरा लाख मुलांनी ही परीक्षा दिली. तेव्हा ९८ पर्सेंटाइल ऐकून पेढे वाटण्याआधी दोन टक्क्यांचा हिशेब करावा. वर साडेएकोणतीस हजार मुलं असतात.

आणि कोणत्या गुणांवर कुठे दार उघडतं, हे पुन्हा नियमच ठरवतो. जबलपूरच्या मराठी घरांत याबद्दल मोठा गैरसमज आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. एनआयटीतल्या निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात, आणि राज्य कोणतं ते बारावी जिथून उत्तीर्ण झाली त्यावरून ठरतं. जबलपूरहून बारावी झालेल्या मुलीला भोपाळची एनआयटी घरची, नागपूरची परकी, मग नागपुरात तिचे सगळे काका-मामा का राहात असेनात. जबलपूरची ट्रिपल आयटी २००५ पासून डुमना विमानतळाच्या रस्त्यावर आहे, तिच्या पत्त्यातलं पोस्ट ऑफिससुद्धा खमरियाचं. पण ट्रिपल आयटींना राज्याचा कोटाच नाही. दारातल्या संस्थेत शिरायचं तर साऱ्या देशाशी स्पर्धा.

महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातल्या इंजिनिअरिंगच्या जागांचंही असंच. "आपण मराठी, म्हणून आपल्याला तिथे जागा" हे वाक्य मी इथे किती वेळा ऐकलं असेल. तिथे भाषा धरत नाहीत, अधिवास धरतात. आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असल्याचं प्रमाणपत्र असेल तर मुलगी एका प्रकारात बसते. पालक केंद्र सरकारच्या नोकरीत असून बदलीने महाराष्ट्रात रुजू असतील तर दुसऱ्या. मातृभाषा मराठी असल्याचा उल्लेख येतो तो एकाच प्रकारात, कर्नाटकाशी वाद असलेल्या सीमाभागातल्या मुलांसाठी. बेळगावच्या मुलाची मराठी तिथे मोजली जाते, जबलपूरच्या मुलीची नाही. यात अन्याय शोधण्यापेक्षा अकरावीतच कागद तपासून ठेवावेत. ज्या घराकडे तो अधिवासाचा कागद नाही, तिथल्या मुलीने महाराष्ट्राची सीईटी देण्यात महिने घालवण्यापेक्षा जेईई मेनवर जोर द्यावा, कारण तिथल्या अखिल भारतीय जागांसाठी आधी तेच गुण पाहतात.

कोणते गुण धरायचे हा प्रश्न आपल्याकडे एकदा थेट न्यायालयात जाऊन पोचला होता, तोही महाराष्ट्रात. अकरावीच्या प्रवेशात एसएससी, आयसीएसई आणि सीबीएसई यांची मुलं एकाच यादीत येतात आणि त्यांचे गुण एकमेकांशी जुळत नाहीत. २००९ मध्ये राज्याने पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, ते मुंबई उच्च न्यायालयात टिकलं नाही. २०१० मध्ये 'बेस्ट फाइव्ह' आलं. एसएससीच्या मुलाचे सगळ्यांत चांगले पाच विषय धरायचे, एक सोडून द्यायचा. आयसीएसईच्या काही पालकांनी त्याला आव्हान दिलं, जूनमध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, आणि त्याच पावसाळ्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. तेवढे आठवडे लाखो मुलांचे प्रवेश अडकून पडले होते. एक विषय वगळायचा की नाही, एवढ्यासाठी. पण ते दिवस आठवले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. सगळे गुण दाखवणं हेच प्रामाणिक आणि काही वगळणं म्हणजे लबाडी, असं कोणत्याही न्यायालयाने म्हटलं नाही. वाद होता तो सगळ्यांना एकच माप लागतं आहे की नाही, याचा.

आता त्या लॅपटॉपकडे परत येऊ. तिथे निवड मुलीच्या हातात दिलेली आहे, आणि आपल्या तीन-चार पिढ्यांत ही वेळ कोणावर आलेली नाही.

सॅट १९२६ पासून आहे. दीर्घकाळ असं होतं की विद्यापीठाला गुण पाठवायचे म्हटलं की जितक्या वेळा परीक्षा दिली तितके सगळे निकाल जात. २००९ मध्ये परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने 'स्कोअर चॉइस' आणला, कोणत्या तारखेचा निकाल पाठवायचा ते विद्यार्थ्याने ठरवावं. यात एक बारकावा आहे आणि तोच पुष्कळ घरांत निसटतो. निवड तारखेची असते, विभागाची नाही. ऑगस्टचं वाचन आणि ऑक्टोबरचं गणित एवढंच पाठवता येत नाही. ते जुळवण्याचं काम विद्यापीठ करतं. अनेक विद्यापीठं वेगवेगळ्या तारखांमधले प्रत्येक विभागाचे सर्वोत्तम गुण उचलून त्यांची बेरीज करतात, तिला सुपरस्कोअर म्हणतात. आपल्या मुलीच्या बाबतीत ६९० आणि ७९०, म्हणजे १४८०.

म्हणजे तिने हुशारीने फक्त चांगली तारीख, ऑक्टोबर, पाठवली तर तिच्या नावावर १४४० लागतात. वडिलांचं ऐकून दोन्ही पाठवल्या तर १४८०. 'दोन्ही लिहून टाक' हा सल्ला नियम न वाचता दिलेला होता आणि तरी या घरात तोच बरोबर ठरतो. कॉमन अ‍ॅप नावाचा जो सामाईक अर्ज आहे त्यात तर प्रत्येक विभागाचे सर्वाधिक गुण आणि त्या गुणांची तारीख असेच रकाने आहेत. ६९० पुढे ऑगस्ट, ७९० पुढे ऑक्टोबर. इथे विद्यार्थी स्वतः गुण लिहितो, अधिकृत निकाल पुष्कळ ठिकाणी प्रवेश पक्का झाल्यावर मागवतात, आणि दोहोंत फरक निघाला तर दिलेला प्रवेश काढून घेतात.

मात्र सगळी दारं सारखी नाहीत. जॉर्जटाउन विद्यापीठ दिलेल्या सगळ्या परीक्षांचे सगळे निकाल मागतं. तिथे एखादी तारीख वगळणं म्हणजे खोटं बोलणं, आणि तिथे वडिलांचा आग्रह हाच नियम आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० मध्ये ठरवलं आणि त्यानंतर प्रवेश देताना सॅट पाहणंच सोडलं, १६०० पैकी १६०० पाठवले तरी कोणी वाचणार नाही. मधल्या जागेत उरलेली सारी विद्यापीठं. गुण ऐच्छिक ठेवण्याची वाट बोडन कॉलेजने १९६९ मध्येच धरली होती. २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षा केंद्रं बंद पडली तेव्हा बहुतेक नामांकित संस्था त्या वाटेवर आल्या. मग परतीचा प्रवास सुरू झाला. २०२२ मध्ये एमआयटीने गुण पुन्हा अनिवार्य केले, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेकने. येलने त्याच वर्षी सांगितलं की कोणत्या तरी प्रमाणित परीक्षेचे गुण द्यावेच लागतील, कोणत्या ते तुम्ही ठरवा. नियम असे वर्षागणिक हलतात. गेल्या वर्षी गेलेल्या मावसभावाचा सल्ला या एका बाबतीत उपयोगाचा नाही. ज्या विद्यापीठाला अर्ज करायचा त्याच्याच संकेतस्थळावर त्याच वर्षी जाऊन वाचायचं.

पदवीनंतर एमएससाठी जाणाऱ्या इंजिनिअरांना काही ठिकाणी जीआरई लागते, तिथेही २०१२ पासून तारीख निवडता येते आणि गुण पाच वर्षं चालतात. मात्र सुपरस्कोअरच्या भरवशावर तिथे राहू नये. एका तारखेचा पूर्ण निकाल एकसंध जातो, म्हणून गणित आणि भाषा दोन्ही एकाच दिवशी बरे जायला हवेत.

पण मुळात एकाच मुलीचे दोन महिन्यांत ७४० चे ७९० आणि ६९० चे ६५० कसे झाले? गणित सुधारलं आणि इंग्रजी बिघडलं? बहुधा यातलं थोडं खरं असेल, आणि बाकीचं तराजूच्या काट्याचं थरथरणं असेल. त्या दिवशी आलेला उतारा ओळखीच्या विषयाचा होता की नाही, परगावी केंद्र असेल तर आदल्या रात्री गाडीत झोप लागली की नाही, दोन पर्यायांत अडल्यावर बोट कुठे गेलं. कॉलेज बोर्ड निकालाबरोबर स्वतःच एक पट्टा दाखवतं, की याच मुलीने पुन्हा परीक्षा दिली तर गुण साधारण या आवाक्यात पडतील.

या थरथरण्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा एखाद्याची खरी तयारी १४५० ची आहे आणि काटा दर खेपेला वरखाली साधारण ४० गुणांनी (प्रमाण विचलन) हलतो. अभ्यास अजिबात न वाढवता त्याने दोनदा परीक्षा दिली आणि त्यातली चांगली धरली, तर ती सरासरी १४७३ च्या आसपास येते. तीनदा दिली तर १४८४. चार वेळा, १४९१. पहिल्या जादा खेपेला २३ गुण, दुसरीला ११, तिसरीला ७. विभागवार सर्वोत्तम धरलं तर दोन खेपांतच ३२ गुणांची भर पडते, कारण आता दोन काट्यांचं थरथरणं आपल्या बाजूने वळतं. तेव्हा दुसरी खेप जवळजवळ नेहमीच करण्यासारखी, तिसरी परवडत असेल तर, आणि चौथीला जबलपूरहून परीक्षा केंद्र गाठायचा खर्च धरला तर सात गुणांसाठी तो करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो शनिवार निबंधाला द्यावा. आणखीही एक गोष्ट या हिशेबातून निघते. ज्याला दोनदा फी भरता येते त्याला हे २३ गुण नुसते परवडतात म्हणून मिळतात. जेईईच्या दोन सत्रांतही तेच. चांगली खेप धरण्याचा नियम मुलांना दयाळू वाटतो आणि तो तसा आहेच, पण एकदाच परीक्षा देऊ शकणाऱ्या मुलावर त्याची दया पोचत नाही.

राहिला सगळ्यांत अवघड प्रश्न. काहीच न पाठवण्याचा.

त्यासाठी मटाराकडे जाऊ. मंडीत दहा पोती आली आहेत असं समजा, पहिल्या प्रतीपासून दहाव्या प्रतीपर्यंत. पोत्याचं तोंड उघडून दाखवायचं की शिवलेलंच ठेवायचं हे ज्याने त्याने ठरवायचं. सर्वांत चांगला माल असलेला शेतकरी तोंड उघडणारच. आता उरलेली नऊ पोती बंद आहेत आणि व्यापारी त्यांना एकसारखा, मधला भाव देतो. दुसऱ्या प्रतीचा शेतकरी पाहतो की मधल्या भावात आपलं नुकसान आहे, म्हणून तोही उघडतो. मग बंद पोत्यांची सरासरी आणखी उतरते, आणि तिसऱ्याला उघडणं भाग पडतं. असं करत करत शेवटी बंद राहतं ते फक्त दहाव्या प्रतीचं पोतं, आणि ते बंद आहे यावरूनच व्यापाऱ्याला आत काय आहे ते कळतं. अर्थशास्त्रज्ञ सॅनफर्ड ग्रॉसमन आणि पॉल मिलग्रोम यांनी १९८१ मध्ये स्वतंत्रपणे हा युक्तिवाद मांडला. उघडायला खर्च नसेल आणि प्रत्येकाकडे पोतं आहे हे व्यापाऱ्याला ठाऊक असेल, तर न बोलणंसुद्धा बोलणंच ठरतं.

खऱ्या जगात ही साखळी अर्ध्यात तुटते, कारण दुसरी अट पुरी होत नाही. पुष्कळ मुलांनी परीक्षा दिलेलीच नसते. बंद पोतं दिसलं म्हणजे आत वाईटच माल असं म्हणता येत नाही, कदाचित पोतंच नसेल. ऐच्छिक गुणांची पद्धत याच फटीवर उभी आहे. त्या फटीचा आधार कोणाला किती मिळतो, हे मात्र वाचणाऱ्याला आपल्याबद्दल आधीपासून काय ठाऊक आहे त्यावर अवलंबून. न्यूयॉर्कच्या एखाद्या नावाजलेल्या शाळेतून दरवर्षी डझनावारी मुलं त्या विद्यापीठात जात असतील, तर त्या शाळेचे नव्वद टक्के म्हणजे काय ते प्रवेश अधिकाऱ्याला पाठ असतं. जबलपूरच्या शाळेतून गेल्या दहा वर्षांत तिथे एकही अर्ज गेला नसेल, तर मुलीच्या पंचाण्णव टक्क्यांना तिथे काही चेहरा नाही. तिच्या अर्जात त्याला ओळखीची वाटेल अशी एकच गोष्ट असते, तो १४८० चा आकडा. आणि नेमकी तीच ती झाकायला निघाली आहे.

डार्टमथने गुण पुन्हा अनिवार्य केले त्याआधी तिथल्या चार प्राध्यापकांनी ऐच्छिक काळातले अर्ज तपासले होते. त्यांना आढळलं की कमी साधनांच्या घरांतून आणि शाळांतून आलेल्या कितीतरी मुलांनी १४०० च्या आसपासचे गुण झाकून ठेवले होते, आणि ते पाठवले असते तर त्यांच्या प्रवेशाची शक्यता वाढली असती. मुलांनी आपले गुण त्या कॉलेजच्या सरासरीशी ताडून पाहिले होते. प्रवेश अधिकारी ते त्या मुलाच्या शाळेशी आणि परिसराशी ताडून पाहत होते. हा अभ्यास अमेरिकेतल्या शाळांचा आहे आणि परदेशी अर्जदाराला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, विशेषतः ज्याला मोठी आर्थिक मदतही हवी आहे त्याला. तरी तो वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवली ती जबलपूर, सागर, छिंदवाड्याची मुलं. कमी गुण पाठवल्याने त्यांचं जे नुकसान होईल त्याहून कितीतरी जास्त चांगले गुण न पाठवल्याने होत असणार.

"त्यांच्याकडे मुलांना याहून जास्त असतात" हे ती ज्यावरून म्हणाली तो आकडाही पारखून घ्यायला हवा. विद्यापीठं दाखल झालेल्या मुलांच्या गुणांचा मधला पट्टा प्रसिद्ध करतात, म्हणजे खालचे पाव आणि वरचे पाव विद्यार्थी वगळून उरलेल्यांचा. समजा तो १५१० ते १५६० आहे. याचा एक अर्थ असा की आत गेलेल्या पाव मुलांना १५१० किंवा त्याहून कमी होते. दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा. गुण ऐच्छिक असतील तर या पट्ट्यात फक्त गुण पाठवलेलेच मोजलेले असतात. कमी गुणवाल्यांनी पाठवणं बंद केलं की पट्टा वर चढतो, चढलेला पट्टा पाहून पुढच्या वर्षी आणखी मुलं घाबरून झाकतात, आणि तो पुन्हा चढतो. पेटीतल्या वरच्या थराची संत्री पाहून बागेचा अंदाज बांधण्यासारखं ते आहे. नागपूरच्या नातेवाइकांनी एवढं तरी तिला शिकवलेलं असेल.

म्हणून मी असं सांगेन. गुण त्या पट्ट्यात किंवा त्याच्या थोडे खाली असतील आणि आपली शाळा त्या विद्यापीठाला अनोळखी असेल, तर पाठवावेत. खूप खाली असतील, समजा त्याच कॉलेजसाठी १२५० वगैरे, तर ऐच्छिक ठिकाणी झाकायला हरकत नाही, तिथे तो आकडा मुलीबद्दल बाकी अर्जाहून कमी चांगलं बोलतो. आणि जिथे सगळे मागितलेत तिथे सगळे. यात कोणतीही लबाडी नाही. समोरच्याने जे विचारलं त्याचं खरं उत्तर देणं एवढंच ते आहे.

आकड्याला संदर्भ मिळतो तो मात्र मुलीच्या अर्जातून नाही, शाळेच्या एका कागदातून. शाळेने अर्जाबरोबर आपली ओळख पाठवायची असते. बारावीत किती मुलं, कोणतं बोर्ड, नव्वदच्या वर किती जातात, सॅटसारखी परीक्षा किती जण देतात, परदेशी अर्ज करणारे किती. मुंबई-पुण्याच्या काही शाळांत त्यासाठी वेगळा समुपदेशक असतो. लहान शहरांत हे काम मुख्याध्यापकांकडे किंवा वर्गशिक्षकांकडे येतं, आणि ते बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या धावपळीत ते पान कोरंच सोडतात किंवा शाळेच्या माहितीपत्रकाची ओळ उतरवून देतात. त्यांचा दोष नाही, त्या पानाचं वजन त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. 'आमच्या शाळेतून या वर्षी ही परीक्षा देणारी ही एकमेव विद्यार्थिनी' हे एक वाक्य तिथे असेल तर १४८० वेगळाच वाचला जातो.

परातीतला मटार संपत आला आहे. मुलीने ६९० पुढे ऑगस्ट लिहिला, ७९० पुढे ऑक्टोबर. ज्या कॉलेजला ती काहीच पाठवणार नव्हती त्याच्याही अर्जात. वडिलांनी चष्मा लावून दोन्ही तारखा निकालपत्राशी ताडून पाहिल्या.

"आता पाठवून टाक," आजी म्हणाली.

"आजी, अजून शाळेचं पान यायचंय. सुट्टी आहे ना."

वडील उठले, हात धुतले, आणि प्रिन्सिपल सरांचा नंबर शोधू लागले.